आमच्या घरचे वकीलसाब

वकीलसाब आमच्याकडे आले तेव्हा त्यांचं नाव रॉकी होतं. निदान कागदावर तरी.

शहराबाहेर पत्र्याच्या एका शेडमध्ये काही तरुण मंडळी रस्त्यावर जखमी झालेली कुत्री आणून त्यांची मलमपट्टी करायची. त्यांच्या वहीत रॉकी, टायगर आणि शेरू अशी तीनच नावं आळीपाळीने फिरत होती. एक रॉकी बरा होऊन गेला की पुढच्या कुत्र्याचा रॉकी व्हायचा. माझी मुलगी मुक्ता तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती जुन्या चादरी द्यायला म्हणून तिथे गेली आणि दुपारी ऑटोतून परतली ती त्यातल्याच एका चादरीवर कुत्रा बसवून.

"मम्मी, सिर्फ दो हफ्ते के लिए," ती फाटकातूनच म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की ती हिंदीत शिरते. जबलपुरातल्या मराठी घरांमधली तिच्या वयाची बहुतेक मुलं अशीच आहेत.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचं माहेर जबलपुरातल्याच दीक्षितपुऱ्यातलं, सासरही याच गावातलं. आता आम्ही गावाच्या कडेला महाराजपूरला राहायला आलो इतकाच काय तो त्यांचा प्रवास. त्यांना ऐकू कमी येतं, दिसतं मात्र अगदी स्वच्छ.

"हे काय घेऊन येऊन राहिली ही?" त्या म्हणाल्या. "आणि हा काहून असा बघून राहिला माझ्याकडे?"

तो उतरला. काळा कुळकुळीत, अंगाने भरलेला, छातीवर पांढरा डाग, मागचा उजवा पाय थोडा वाकडा बसलेला. फाटकापासून ओसरीपर्यंत तो लंगडत आला, वाटेत तुळस हुंगली, अविनाशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची स्कूटर हुंगली, आणि सरळ आईंसमोर बसून त्याने पुढचा एक पंजा त्यांच्या पावलावर ठेवला.

आईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"पाया पडला," त्या म्हणाल्या. मग नातीकडे बघून, "मुक्ते, तू शेवटची कधी पडलीस गं?"

ते दोन आठवडे अकरा वर्षं चालले.

पहिले काही दिवस नावात गेले. रॉकी म्हटलं तर कान हलायचा नाही. मोती, कालू, राजा, सगळं करून झालं. अविनाशने आपल्या कचेरीतल्या प्रत्येक साहेबाचं नाव घेऊन पाहिलं आणि त्याचं त्यालाच समाधान वाटलं. आईंनी विष्णूची नावं सुरू केली. वीस-बावीस नावांनंतर कुत्रा झोपला. मुक्ता म्हणायला लागली की त्याला ऐकूच येत नसेल. "मग बरं आहे," आई म्हणाल्या, "आम्ही दोघं एकमेकांना धरून राहू."

अठराव्या दिवशी सकाळी शेजारच्या तिवारीजींकडे कोणीतरी आलं. तिवारीजी खरे वकील, हायकोर्टात प्रॅक्टिस. त्यांच्याकडे लांबच्या गावांतून अशील येतात आणि फाटकाबाहेरूनच मोठ्याने हाक मारतात. तसाच एक जण ओरडला, "वकीलसाब! ओ वकीलसाब!"

आमचा कुत्रा ओसरीवर आडवा होता. तो ताडकन उठला, तीन पायऱ्या एका उडीत उतरला, दोन घरांच्या मधल्या मेंदीच्या कुंपणातून आरपार निघाला आणि त्या माणसासमोर जाऊन शेपटी हलवत बसला. मागून तिवारीजी पायजम्याची नाडी बांधत बाहेर आले. तोवर अशील हात जोडून कुत्र्याकडेच बघत होता.

मी मुक्ताकडे पाहिलं, मुक्ताने कुत्र्याच्या छातीकडे पाहिलं. तो डाग म्हणजे नुसता डाग नव्हताच. गळ्यापाशी जुळलेले आणि खाली फाकलेले दोन पांढरे पट्टे. वर काळा कोट. अठरा दिवस आम्ही हे पाहत होतो आणि आमच्या कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"वकीलसाब," मुक्ताने हळूच हाक मारली. कुत्र्याने मान वळवली आणि अगदी सहज, इतके दिवस कुठे होतात तुम्ही, अशा चेहऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

इथून पुढे मी आदरार्थी बहुवचन वापरणार आहे. आमच्या घरात त्या दिवसापासून तेच सुरू झालं. 'वकीलसाब' म्हटल्यावर पुढे 'इकडे ये' म्हणताच येत नाही, जीभ वळत नाही. "वकीलसाब, जेवलात का?" "वकीलसाब, आप कालीन से उठेंगे ज़रा?" आई तर त्यांचा विषय निघाला की पदर नीट करायच्या.

पण नाव कळलं तशी दुसरी पंचाईत झाली. असं नाव ठेवणारं कोणीतरी होतंच की. कुठेतरी, कोर्टाच्या आसपास.

"शोधावं लागेल," आई म्हणाल्या. "कोणी वाट पाहून राहिलं असेल त्यांची."

मुक्ता दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीच तयार होऊन आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "चलो. दादीला रोज हेच बोलायचं आहे, तर एकदाच होऊन जाऊ दे." मराठीत म्हणाली. तिला खूप वाईट वाटलं की ती मराठीत बोलते.

ऑटोत वकीलसाब मधे बसले, आम्ही दोघी कडेला. कोर्टाच्या भागात चहाच्या टपऱ्या ओळीने आहेत. पहिल्या दोन टपऱ्यांवरून ते नुसते बघत गेले. तिसरी आली आणि त्यांनी ऑटो थांबायची वाट पाहिली नाही.

टपरीवाला हरप्रसाद चहा गाळत होता. त्याने किटली खाली ठेवली. पन्नाशीचा, जाड मिशीचा माणूस, पण त्याचा आवाज चिरकला.

"अरे वकीलसाब! आप ज़िंदा हैं?"

मग जे काही झालं ते पाहायला आजूबाजूचे खरे वकीलही थांबले. हरप्रसादने त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं, वकीलसाबांनी त्याच्या मिशा चाटल्या, दोघांनी मिळून एक बाकडं उलटं केलं. चार वर्षं ते त्या टपरीखाली राहत होते, असं त्याने सांगितलं. कुठल्याशा गाडीने धडक दिली, कोणी उचलून नेलं, आणि हरप्रसादने मनात त्यांना शेवटचा नमस्कार करून टाकला होता.

मुक्ताने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं मला दिसलं. "भैया," ती म्हणाली, "ये आपके हैं. आपको रखना हो तो..."

हरप्रसादने बशीत चहा ओतला, त्यात टोस्ट चुरला आणि खाली ठेवला. वकीलसाबांनी तो शांतपणे संपवला, बशी पुसून काढली, टपरीला एक प्रदक्षिणा घातली, चार ओळखीच्या माणसांचे बूट हुंगले. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत उभे. मग ते ऑटोपाशी गेले, चढले, आणि मधल्या जागेवर बसून आमच्याकडे पाहायला लागले. उशीर होतोय, असं.

हरप्रसाद गळ्यातल्या गमछ्याने डोळे पुसत हसला. "हओ, ले जाओ दीदी. अपने वकीलसाब जज हो गए. अब यहाँ थोड़े न बैठेंगे."

परतताना मुक्ता रडत होती आणि वकीलसाब बाहेरची दुकानं पाहत होते.

त्या भेटीनंतर त्यांच्या पुष्कळ सवयींचा उलगडा झाला. सकाळी साडेदहाला आणि दुपारी चारला ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन का बसतात, ते कळलं. त्या टपरीवरच्या चहाच्या वेळा होत्या. पण प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्यांना चहा द्यायला मनाई केली. आईंनी मग कोमट पाण्यात चमचाभर दूध घालून बशी पुढे करायला सुरुवात केली. "घ्या, चहा," त्या म्हणायच्या. वकीलसाब बशी हुंगायचे आणि आईंकडे असे पाहायचे की त्या नजर चुकवायच्या. प्यायचे मात्र. भांडण टाळावं एवढ्यासाठीच पितोय, हे चेहऱ्यावर ठेवून.

रविवारी ते अजिबात उठायचे नाहीत. फाटकात कोणी आलं तरी एक डोळा उघडून मिटायचे. चार वर्षं रविवारी टपरी बंद असायची, हे त्याचं कारण. अविनाशला ही गोष्ट फार आवडली. "माणूस कामाचा आहे," म्हणत तोही त्यांच्या शेजारी चटई टाकायचा.

लंगडण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. एकटे असताना ते चारही पायांनी झपझप चालायचे, मेंदीवरून उड्या मारायचे. आई दिसल्या की लंगडायला लागायचे. पुढेपुढे त्यात ढिलाई आली. जखम उजव्या पायाची, पण घाईत ते कधी डाव्या पायाने लंगडायचे. मुक्ता ओरडायची, "दादी, देखो, गलत पैर!" आईंना ते ऐकू यायचं नाही, किंवा त्या ऐकू आलं नाही असं दाखवायच्या, आणि पोळीवर तूप पडायचं.

भाषेचा घोळ वेगळाच. हरप्रसादकडे राहिल्यामुळे वकीलसाबांना हिंदी येत होती. आईंनी त्यांना मराठी शिकवली. 'बस' म्हटलं की खाली बसायचं, हे त्यांना चांगलं पाठ झालं. आता मुक्ता त्यांना खेळवायची, ते अंगावर उड्या मारायचे आणि ती हसत ओरडायची, "बस, बस! अरे बस!" तिच्या हिंदीत त्याचा अर्थ 'पुरे'. वकीलसाब लगेच बसायचे. ती परत बोलवायची, ते उठायचे, ती म्हणायची 'बस', ते बसायचे. एकदा अविनाश त्यांच्या ताटात भात वाढत होता. "बस?" त्याने आईंना विचारलं. वकीलसाब बसले. "अजून थोडा घाल," आई म्हणाल्या. "बस?" ते आधीच बसलेले होते, म्हणून त्यांनी उठून पुन्हा नीट बसून दाखवलं.

माझं आणि अविनाशचं वाजलं की ते आमच्या मधोमध येऊन बसायचे. मी बोलत असताना माझ्याकडे, तो बोलत असताना त्याच्याकडे. इतकं मन लावून माझं म्हणणं त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. दोन्ही बाजू झाल्या की एक लांब सुस्कारा सोडून ते आत निघून जायचे. त्यानंतर भांडण पुढे नेण्यात काही राम उरायचा नाही.

आणि आईंच्या पावलावर पंजा. ते पाया पडणं नव्हतं, हे आम्हाला सहा महिन्यांनी समजलं. बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, फाटकात पोस्टमन आला, की ते आईंकडे जाऊन त्यांच्या पावलावर पंजा ठेवायचे. ज्या बाईला हाक ऐकू जात नाही तिला काय करावं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. आम्ही हे आईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "असेल. पण पाया पण पडतात ते."

तिवारीजींचं काय, ते सांगायला हवं.

तिवारीजी साठीचे, एकटे. पत्नी वारलेली, मुलगा बेंगळुरूला. शिस्तीचा माणूस, काळा कोट रोज संध्याकाळी स्वतः ब्रश करायचे. त्यांच्या फाटकात 'वकीलसाब' अशी हाक आली की आमचे वकीलसाब आधी पोचायचे. खेड्यातून आलेल्या एका म्हाताऱ्या अशीलाने तर, आत बोलावणं यायला उशीर लागला म्हणून, आपली सगळी जमिनीची कहाणी आमच्या वकीलसाबांना सांगून टाकली. तिवारीजी बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, "हमने इनको सब बता दिया है."

त्या संध्याकाळी तिवारीजी आमच्याकडे आले. बसले नाहीत.

"मैडम, इसका नाम बदलिए. पूरी ज़िंदगी लगी है मेरी यह नाम कमाने में."

मी काही बोलायच्या आत आईंनी, त्यांना कसं कोण जाणे तेवढं नेमकं ऐकू आलं होतं, आपल्या हिंदीत उत्तर दिलं, "भाईसाब, हमने नाम नहीं रखा. वो तो पहले से वकील होके आए हैं."

तिवारीजी गेले. त्यानंतर त्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं. दिवाळीचा फराळाचा डबा परत आला, तोही न उघडता.

अशात सक्सेनाजींच्या पँटचं प्रकरण उद्भवलं.

सक्सेनाजी आमच्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. निवृत्त अधिकारी, आणि निवृत्त झाल्याचं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. कॉलनीच्या बागेला कुलूप लावायची वेळ, बागेत बसायची वेळ, बागेत बोलायचा आवाज, सगळ्याचे नियम त्यांनी फळ्यावर लिहून ठेवले होते. एका रविवारी सकाळी त्यांनी बैठक बोलावली आणि टेबलावर स्वतःची करड्या रंगाची पँट ठेवली. मागून चांगली वीतभर फाटलेली. आदल्या संध्याकाळी आमच्या कुत्र्याने मागून हल्ला केला आणि तो लगेच पळाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मागणी एकच. कुत्र्याला कॉलनीबाहेर काढा. जिथून आणलं तिथे सोडून या.

लोक कुजबुजले. काही माना हलल्या. मुक्ता माझा हात धरून बसली होती. आम्ही बरोबर आणलेले वकीलसाब रविवार असल्यामुळे टेबलाखाली झोपले होते.

"तिवारीजी, आप बताइए," सक्सेनाजी म्हणाले. "आप तो सबसे ज़्यादा परेशान हैं."

तिवारीजी उठले. आता संपलं, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा लावला.

"सक्सेनाजी, घटना कितने बजे की है?"

"सात, सवा सात."

"लाइट थी?"

"लाइट तो गई हुई थी."

"अँधेरा. और कुत्ता काला. आपने पहचाना कैसे?"

"सीने पर सफ़ेद पट्टी है न उसके! वही दिखी."

"अच्छा." तिवारीजींनी पँट उचलून सगळ्यांना दाखवली. "पतलून पीछे से फटी है. कुत्ता आपके पीछे था. पीछे वाले का सीना आपने आगे देखते हुए कैसे देख लिया?"

"मैंने मुड़कर देखा था."

"फटने से पहले मुड़े कि फटने के बाद?"

"बाद में."

"तब तक तो कुत्ता आपके हिसाब से भाग चुका था. अभी आपने ही कहा." तिवारीजी आता टेबलाला वळसा घालून पुढे आले होते. आवाज चढलेला नव्हता, पण त्याला धार आली होती. फाटलेल्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. "और यह क्या लगा है? यह तो ज़ंग है. कुत्ते के दाँत में ज़ंग लगती है क्या? शाम सात बजे आप थे कहाँ, सक्सेनाजी?"

"बगीचे में."

"बगीचा तो साढ़े छह बजे बंद हो जाता है. आपका ही नियम है. ताला आप ही के घर रहता है."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सक्सेनाजी त्या संध्याकाळी बागेत बाकावर बसल्याबसल्या डुलकी काढत होते. त्यांच्या पत्नीने वेळेवर येऊन, आत कोण आहे ते न बघता, कुलूप लावलं. फोन घरी. हाक मारायची तर अध्यक्षांची लाज. मग त्यांनी काटेरी तारेच्या कुंपणावरून उडी मारली.

हशा इतका मोठा झाला की वकीलसाब रविवारचे जागे झाले. ते टेबलाखालून बाहेर आले, पँट हुंगली आणि शिंकले.

तिवारीजी मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मुझे यह कुत्ता पसंद नहीं है," ते म्हणाले. "पर इतना कमज़ोर केस मुझे उससे भी ज़्यादा नापसंद है."

दुसऱ्या दिवशी वकीलसाबांची गोधडी झटकताना आईंना तिच्यात करड्या कापडाची एक चिंधी सापडली. त्यांनी ती मला दाखवली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कुंपणाला लटकली असेल, घेऊन आले असतील," आई म्हणाल्या, आणि ती चुलीपाशी गरम भांडी उतरवायला ठेवून दिली. पुष्कळ दिवस टिकली. चांगलं कापड होतं.

त्यानंतर तिवारीजींचं आणि आमच्या वकीलसाबांचं जे सुरू झालं त्याला मैत्री म्हणावं की व्यावसायिक संबंध, मला ठरवता आलं नाही. सकाळी साडेनऊला तिवारीजी कोट घालून निघाले की वकीलसाब त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचे. बरोबरीने, एक पाऊलही पुढे नाही. कोपऱ्यावर तिवारीजी थांबून म्हणायचे, "अच्छा, वकीलसाब." मग तिथे लावलेली गाडी सुरू करायचे. संध्याकाळी मेंदीच्या पलीकडे खुर्ची यायची, अलीकडे वकीलसाब. मुक्ता एकदा वाळलेले कपडे काढायला गेली आणि तशीच पाय न वाजवता परत आली. "अंकल केस सुना रहे हैं," ती म्हणाली. "आज फिर तारीख मिली है उनको."

मीही एकदा ऐकलं. केस नव्हती ती. बेंगळुरूहून फोन आला होता, मुलाला या वेळी सुटी मिळत नव्हती. तिवारीजी ते सांगत होते, अगदी कोरड्या आवाजात, मुद्द्यांना क्रमांक देऊन. एक, दो, तीन. वकीलसाबांनी मेंदीतून तोंड घालून त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं होतं. चौथा मुद्दा आलाच नाही. त्या वर्षी दिवाळीचा डबा परत आला तो रिकामा, धुतलेला, आणि आत खुरमे, म्हणजे इकडचे शंकरपाळे, भरून.

अकरा वर्षांत वकीलसाबांवर दोघांना चावल्याचा आळ आला, ते एकालाही चावले नाहीत. त्यांनी मुक्ताचा अभ्यास पाहिला, तिला नोकरी लागलेली पाहिली, ती घरी आली की तिच्या बॅगेवर झोपून तिला दोनदा रेल्वे चुकवायला लावली. आपली मराठी कुत्र्याहून कच्ची आहे असं आजी म्हणाली म्हणून मुक्ता ईर्ष्येने मराठी बोलायला लागली. अजून अडखळते, पण फोनवर आईंशी तीच भाषा.

मागच्या हिवाळ्यात त्यांचं खाणं कमी झालं. मूत्रपिंडं थकलीत, असं डॉक्टर म्हणाले. आईंनी मऊ भात, ताक, सगळं करून पाहिलं. शेवटी एके दिवशी चारच्या सुमारास त्यांनी खराखुरा चहा केला, आलं न घालता, बशीत ओतला आणि पुढे ठेवला. वकीलसाबांनी हुंगलं. मग आईंकडे पाहिलं. मग पुन्हा हुंगलं. आणि सगळा प्यायले.

तिवारीजी रोज दोन वेळा येऊन बसायचे. मुक्ता सुटी काढून आली होती. तीन दिवस वकीलसाब गोधडीवरून उठले नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते गेले. आईंचं पाऊल त्यांच्या पंजाखाली होतं, असं मुक्ताने सांगितलं. मी तेव्हा माझ्या शिकवणीच्या क्लासमध्ये होते.

पण मी त्यांना त्या सकाळी पाहिलं होतं. मला आठची बॅच होती. स्कूटर बाहेर काढली तर वकीलसाब ओसरीच्या पायऱ्या उतरून, कसे कोण जाणे, फाटकापर्यंत आलेले. बाहेर एक वासरू फाटकातून मान घालून आमची जास्वंद खात होतं. वकीलसाबांनी त्याच्याकडे पाहिलं, पाय रोवले आणि भुंकायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. नुसती हवा. त्यांनी पुन्हा एकदा केलं. पुन्हा हवाच. वासरू खातच राहिलं.

तेव्हा त्यांनी हळूच मान वळवून आधी घराकडे पाहिलं, मग तिवारीजींच्या ओसरीकडे, मग माझ्याकडे. कोणी पाहिलं तर नाही ना, असं.

मी पटकन खाली वाकले आणि ओढणीने स्कूटरचा आरसा पुसायला लागले. तो स्वच्छच होता. बराच वेळ पुसला. वर पाहिलं तेव्हा वकीलसाब वासराच्या अगदी तोंडापाशी जाऊन बसले होते, छाती पुढे, काही न बोलता. वासराने चघळणं थांबवलं. त्याच्या मनात काय आलं देव जाणे. मान बाहेर काढून ते आपल्या वाटेने चालू लागलं.

वासरू कोपऱ्यावरून वळेपर्यंत वकीलसाब बघत राहिले. मी स्कूटर सुरू केली. थंडीचं कोवळं ऊन फाटकावर आलं होतं आणि त्यात ते बसले होते, पाठ ताठ ठेवून, जिंकून.